प्लास्मिड डायनोकॉकसमध्ये जातच नाही? आधी त्याचं माहेर विचारा

दर वर्षी पावसाळ्यात लॅबमध्ये नवी मुलं येतात आणि गणपतीच्या आसपास त्यांच्यातलं कुणीतरी रिकामी प्लेट घेऊन माझ्या टेबलाशी उभं राहतं. "मॅडम, तिसऱ्यांदा केलं. एकही कॉलनी नाही." मी प्लेट उजेडाकडे धरते, पण बघण्यासारखं काही नसतंच. मग विचारते, "प्लास्मिड कशातून काढलंस?" उत्तर ठरलेलं असतं: "डीएच५-अल्फातून."

प्लास्मिड म्हणजे जीन वाहून नेणारा डीएनएचा छोटा गोल, आणि डीएच५-अल्फा ही ई. कोलाय बॅक्टेरियाची लॅबमधली नेहमीची स्ट्रेन, म्हणजे वाण. बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडतं. पण दरवेळी नाही, आणि सगळा दोष मिथायलेशनवर, म्हणजे डीएनएवरच्या मिथाइलच्या शिक्क्यांवर, ढकलून महिना घालवलेलेही मी पाहिलेत. त्यात एकदा मी स्वतः होते. म्हणून लक्षणांपासून सुरू करू आणि फुकटातल्या तपासण्यांकडून खर्चिक तपासण्यांकडे जाऊ. इथे सगळं डायनोकॉकस रेडिओड्युरान्स या किरणोत्सर्ग सोसणाऱ्या बॅक्टेरियाच्या आर-१ स्ट्रेनबद्दल आहे. दुसरी एखादी चिवट बॅक्टेरिया हाताळत असाल तर क्रम हाच ठेवा, आकडे मात्र तिचे घ्या.

लक्षणं

रिकामी प्लेट प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगत नाही. औषध, म्हणजे अँटिबायोटिक, नसलेल्या टीजीवाय या पोषक माध्यमाच्या प्लेटवर गुलाबी-लाल थर दाट आलाय आणि औषधाच्या प्लेटवर शुकशुकाट आहे, हे सगळ्यात नेहमीचं लक्षण. औषध सोसणारा जीन प्लास्मिडवर असतो. म्हणजे पेशी जिवंत आहेत, पण प्लास्मिड आत शिरलं नाही किंवा शिरून टिकलं नाही.

दुसरं लक्षण: रिकामा वेक्टर (जीन वाहून नेणारं प्लास्मिड) जातो, त्यात तुमचा जीन बसवला की जात नाही. याचं कारण वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

तिसरं सगळ्यात बोलकं. कशाबशा तीन-चार कॉलन्या आल्या, त्यातल्या एकीतून प्लास्मिड परत काढलं आणि ते पुन्हा ताज्या डायनोकॉकसमध्ये घातलं तर धडाधड कॉलन्या येतात. तेच प्लास्मिड, तेवढंच वजन, फक्त ई. कोलायमधून काढलेलं असलं की अडतं. बेसचा क्रम अक्षरशः तोच असूनही वागणूक बदलते, तेव्हा फरक क्रमात नसून क्रमावर मारलेल्या शिक्क्यांत असतो.

चौथं: कॉलन्या आल्या, पण परत काढलेलं प्लास्मिड जेलवर अपेक्षेपेक्षा खाली धावतं. कुठेतरी कापलं गेलं आणि पेशीने उरलंसुरलं जोडून घेतलं.

दोन फसवी लक्षणंही लक्षात ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात आणि नव्या औषधी प्लेटवर रेघ ओढली की वाढत नाहीत; ते औषधाचा जोर ओसरल्यावर उगवलेले असतात, त्यांना मोजू नका. आणि दुसऱ्याच दिवशी आलेली टपोरी पांढरी कॉलनी डायनोकॉकस नव्हे. ती कुठून आली याचा शोध घ्या, पण तिच्यातून प्लास्मिड काढत बसू नका.

मागे काय चालू असतं

बॅक्टेरिया आपल्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल गटाचा शिक्का मारते आणि शिक्का नसलेला परका डीएनए त्याच जागी कापते; या कापण्याला रिस्ट्रिक्शन म्हणतात. फेजपासूनचा, म्हणजे बॅक्टेरियांना ग्रासणाऱ्या विषाणूंपासूनचा हा बचाव. १९७८चं नोबेल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना या कापणाऱ्या एन्झाइमांबद्दलच, म्हणजे कात्र्यांबद्दलच मिळालं. एवढं सगळ्यांना पाठ असतं.

विसरतं ते पुढचं. कात्र्यांची एक जात उलट्या डोक्याची आहे. चौथ्या प्रकारच्या या कात्र्या परका शिक्का *असलेला* डीएनए कापतात. एमआरआर हे त्यातलं एक कुळ, आणि त्या कुळातले जीन डायनोकॉकसच्या जीनोममध्ये आहेत.

आता डीएच५-अल्फातून काढलेलं प्लास्मिड डोळ्यांसमोर आणा. ई. कोलायच्या डॅम एन्झाइमने जीएटीसी या क्रमाच्या प्रत्येक जागेतल्या ए-वर शिक्का मारलाय. डीसीएमने सीसीएजीजी आणि सीसीटीजीजी या जागांमधल्या दुसऱ्या सी-वर मारलाय. डायनोकॉकसच्या घरी ही चाल नाही. तिचा शिक्का निराळा: सीसीजीसीजीजी या जागेतल्या दुसऱ्या सी-वर, तोही एन-४ प्रकारचा, म्हणजे चौथ्या जागेवरच्या नायट्रोजनवर बसणारा. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाच्या गटाने २०१९मध्ये तो तपशिलात मांडला. त्याआधी २०१७मध्ये पुणे विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी याच बॅक्टेरियातलं डीआर-सी-००२० हे प्रथिन सायटोसिनच्या पाचव्या कार्बनवर मिथाइल बसवतं, असं दाखवलं होतं. आमच्या गावचं काम म्हणून सांगते असं नाही. जीनोमच्या यादीत एखाद्या जीनसमोर जी ओळख छापलेली असते ती प्रत्यक्ष तपासल्याशिवाय पक्की धरू नये, हे त्यातून नीट कळतं.

थोडक्यात प्लास्मिडला मार दोन्हीकडून बसतो: नको तो शिक्का अंगावर आहे आणि हवा तो नाही. डॅम-डीसीएम नसलेल्या ई. कोलायमधून काढलं की पहिली अडचण जाते. दुसरी तशीच राहते. हा फरक ध्यानात नसला की "मी जेएम११०मधूनही काढलं, तरी जात नाही" या वाक्याशी माणूस अडकून पडतो (जेएम११० ही अशीच डॅम-डीसीएम नसलेली स्ट्रेन).

इथे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच: जी बॅक्टेरिया ५००० ग्रे किरणोत्सर्ग सोसते, शेकडो तुकडे झालेला जीनोम काही तासांत सांधते, तिला एका प्लास्मिडवरचा एक काप जोडता येऊ नये? (माणूस पाचेक ग्रेमध्ये आटोपतो.) प्रश्न चांगला आहे. पण ती सांधते ती प्रतींच्या जोरावर. वाढत्या पेशीत जीनोमच्या चार ते दहा प्रती असतात. एक प्रत इथे तुटली तर दुसरी तिथे, आणि तुकड्यांची टोकं एकमेकांवर ठेवून सगळं ओळीने लागतं. नुकत्याच आत आलेल्या प्लास्मिडला भावंड कुठे असतं? ते तुटलं की समोर ठेवून जोडायला नमुनाच नाही. १९५६मध्ये ओरेगॉनमध्ये किरणोत्सर्ग देऊन निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात ही बॅक्टेरिया सापडली, तेव्हापासून तिच्या चिवटपणाचं कौतुक चाललंय. तो चिवटपणा घरच्या डीएनएपुरता आहे.

फुकटातल्या तपासण्या

औषधाचं प्रमाण बघा. हे हास्यास्पद वाटेल, पण डायनोकॉकसला क्लोरॅम्फेनिकॉल मिलिलिटरला ३ मायक्रोग्रॅम पुरतं. ई. कोलायच्या सवयीने २५ घातलं की प्लास्मिड असलेल्या पेशीही उठत नाहीत. एकदा फ्रीजमधल्या प्लेटांच्या गठ्ठ्यावर नुसतं "क्लोरॅम" लिहिलेलं होतं, आणि त्या प्लेटा शेजारच्या बाकाच्या निघाल्या. दोन आठवडे गेले.

तापमान ३० ते ३२ अंश. ३७ नको. आणि तीन दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी प्लेट रिकामी आहे म्हणून फेकणारे दर वर्षी भेटतात.

पद्धतही तपासा. ई. कोलायचा ४२ अंशांचा झटका इथे कामाचा नाही. ही बॅक्टेरिया डीएनए स्वतःहून ओढून घेते. तिला वाढीच्या ऐन भरात गोळा करून ३० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, बर्फावर डीएनएसोबत पाऊण-एक तास आणि मग ३२ अंशांवर थोडा वेळ द्यायचा असतो. त्यानंतर दसपट ताज्या टीजीवायमध्ये सोडून रात्रभर. ही रात्र वाचवू नका. ई. कोलायला तासाभरात जमतं ते हिला जमत नाही: दुप्पट व्हायलाच हिला दीड-दोन तास लागतात, औषध पचवणारं प्रथिन साठायला वेळ हवा.

एवढं तपासायला पैसा लागत नाही, आणि यातलं काही चुकलेलं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. म्हणून आधी हे.

पेशी डीएनए घेतात का, हे वेगळं पाहा

ही तपासणी मी कुणालाही टाळू देत नाही. दाट वाढवलेली डायनोकॉकस ५० मायक्रोग्रॅम रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर पसरा. आपोआप बदल झालेल्या दोन-चार कॉलन्या येतील. त्यातली एक वाढवून तिचा जीनोमिक डीएनए काढा आणि तो साध्या आर-१ला द्या. सोबत डीएनए न दिलेली नळी ठेवायचीच, कारण आपोआपच्या कॉलन्या त्याही प्लेटवर येणार. डीएनए दिलेल्या प्लेटवर त्याहून कितीतरी पट जास्त कॉलन्या आल्या तर पेशी ठणठणीत आहेत.

हा डीएनए घरचा आहे, शिक्के घरचे आहेत. शिवाय नैसर्गिक मार्गाने डीएनए एकेरी धाग्याच्या रूपात आत येतो आणि गुणसूत्राशी अदलाबदल करून बसतो. कात्र्यांना सहसा दुहेरी धागा लागतो. म्हणून ही चाचणी फक्त "घेते की नाही" एवढंच सांगते, रिस्ट्रिक्शनबद्दल अवाक्षर नाही. तेच तर हवंय. हीच चाचणी नापास झाली तर मिथायलेशनचा विषय बंद. पेशी, कॅल्शियम क्लोराइड, वाढीची वेळ, आणि मुळात तुमची आर-१ खरंच आर-१ आहे का, इकडे वळा.

प्लास्मिडचं तसं नसतं. त्याचे दोन एकेरी धागे आत येऊन एकमेकांना भेटावे लागतात, तेव्हा कुठे गोल पूर्ण होतो. २०२०मध्ये फ्रान्समधल्या गटाने या जोडणीत डीडीआर-बी प्रथिनाचा हात असल्याचं दाखवलं. ई. कोलायचे दोन्ही धागे शिक्क्यांसकट आत येतात, भेटले की पूर्ण शिक्क्यांचं परकं प्लास्मिड तयार, आणि कात्री समोर उभी. रिफॅम्पिसिन झकास आणि प्लास्मिड शून्य, ही जोडी एकत्र दिसली तर पुढच्या पायरीवर या.

एका जेलचं काम

प्लास्मिड तीन नळ्यांत वाटा. एकीत डीपीएन-१, दुसरीत डीपीएन-२ किंवा एमबीओ-१, तिसरी तशीच. डीपीएन-१ फक्त डॅमचा शिक्का असलेलं जीएटीसी कापतं. डीपीएन-२ आणि एमबीओ-१ फक्त बिनशिक्क्याचं. तासाभराने जेलवर चढवा.

डीएच५-अल्फाचं प्लास्मिड असेल तर डीपीएन-१च्या रांगेत तुकड्यांची शिडी आणि दुसऱ्या रांगेत अखंड पट्टी दिसते. डॅम नसलेल्या स्ट्रेनमधून काढलेलं असेल तर नेमकं उलट. एकदा एका मुलाच्या जेलवर दोन्ही रांगांत शिडी दिसली, दोन्हीकडे अर्धीमुर्धी. त्याने डॅम नसलेल्या स्ट्रेनची नळी म्हणून जी उचलली होती तिच्यात दोन स्ट्रेन मिसळल्या होत्या. जेल पाहिलं नसतं तर "डॅम नसलेल्यातून काढूनही जात नाही" असं तो थीसिसमध्ये लिहून मोकळा झाला असता.

डीसीएमसाठी हाच खेळ ईको-आर-२ आणि बीएसटी-एन-१ यांच्या जोडीने होतो. पहिलं शिक्क्याने अडतं, दुसरं अडत नाही. पण दोन्ही जीन नसलेली स्ट्रेन वापरत असाल तर डॅमची खात्री झाली की मी डीसीएमच्या मागे जात नाही.

डॅम-डीसीएम नसलेल्या स्ट्रेनमधून काढा

जेएम११० किंवा एससीएस११०. डायनोकॉकसमध्ये प्लास्मिड घालण्याआधी ते अशा स्ट्रेनमधून फिरवून आणण्याचा रिवाज जुना आहे. हातात असेल ती चालेल, पण काही खाचाखोचा आहेत.

जेएम११०मध्ये एंड-ए हे डीएनए तोडणारं न्यूक्लिएज शाबूत असतं. किटमधली जास्तीची वॉश पायरी टाळली तर प्लास्मिड फ्रीजमध्येच विरघळत जातं, आणि दोष पुन्हा डायनोकॉकसच्या माथी. एससीएस११०मध्ये ते काढून टाकलंय.

काही डॅम नसलेल्या स्ट्रेन, उदाहरणार्थ जीएम२१६३, स्वतःच क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देत नाहीत, कारण डॅम जीन मोडायला क्लोरॅम्फेनिकॉल सोसणाराच जीन वापरलाय. तुमच्या शटल वेक्टरवर (दोन्ही बॅक्टेरियांत टिकणाऱ्या प्लास्मिडवर) ई. कोलायसाठी ॲम्पिसिलिन सोसणाऱ्या जीनची खूण असते, तिच्यावर निवडा.

आणि या स्ट्रेनमध्ये प्लास्मिड साठवू नका. डॅमचा शिक्का नसला की दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना जुना धागा कुठला आणि नवा कुठला हे कळत नाही, चुका साचत जातात. मूळ साठा डीएच५-अल्फात, ग्लिसरॉलमध्ये. गरज पडेल तेव्हा ताजं घालायचं, एकदाच काढायचं.

मग एकाच दिवशी, एकाच पेशींवर, सारख्या वजनाचे तीन डीएनए द्या: डीएच५-अल्फातलं, डॅम नसलेल्यातलं, आणि मिळालं तर डायनोकॉकसमधून परत काढलेलं. वेगवेगळ्या दिवशी करून आकडे शेजारी ठेवू नका. या पेशींची डीएनए घेण्याची भूक रोज सारखी नसते. मधलं पहिल्यापेक्षा बरंच चांगलं गेलं तर काम झालं. तिसरंच फक्त जात असेल तर घरचा शिक्का नसल्याची अडचण शिल्लक आहे.

जागा मोजा

इथे दुसरं लक्षण आठवा: रिकामा वेक्टर जातो, जीन घातला की अडतो. प्लास्मिडचा क्रम उघडा आणि सीसीजीसीजीजी शोधा. याच जागेवर कापणारं एमआरए-१ हे एन्झाइम १९८२मध्ये याच बॅक्टेरियातून वेगळं केलं गेलं, तेव्हा ती मायक्रोकॉकस रेडिओड्युरान्स म्हणून ओळखली जायची.

चारही बेस सारख्या प्रमाणात असलेल्या डीएनएत सहा अक्षरांची जागा सरासरी ४०९६ बेसमागे एकदा येते. पण डायनोकॉकसच्या जीनोममध्ये जी आणि सी मिळून ६६ टक्क्यांच्या वर. जी आणि सी येण्याची शक्यता प्रत्येकी एक तृतीयांश धरली तर ही जागा दर ७२९ बेसना एकदा यायला हवी. म्हणजे तीन हजार बेसच्या तुकड्यात कागदावर चार. ई. कोलायच्या वेक्टरमध्ये एकही नसेल आणि तुमच्या जीनमध्ये पाच असतील. प्रत्येक जागेगणिक वाचण्याची शक्यता गुणाकाराने घटते. गंमत अशी की जीन डायनोकॉकसचाच असतो, ई. कोलायमध्ये जाऊन आला की शिक्का गमावून बसतो आणि घरात परका ठरतो.

जागा एक-दोन असतील तर अमिनो आम्ल न बदलता अक्षर बदला. २०१९मध्ये स्टॅफिलोकॉकससाठी हाच मार्ग पद्धतशीरपणे वापरून दाखवला गेला: कात्रीला दिसणाऱ्या जागाच क्रमातून पुसायच्या. पाच-सहा जागा असतील तर जीन नव्याने संश्लेषित करून घेणं स्वस्त पडतं. मुलांना हे पटत नाही, पण तीन महिन्यांच्या टीजीवायचा, टिप्सचा आणि स्टायपेंडचा हिशेब मांडला की पटतं.

डायनोकॉकसच्या जीनोममधला एखादा जीन तोडायचा असेल तर प्लास्मिडचा हट्टच सोडा. दोन बाजूंचे तुकडे आणि मधली खूण जोडून सरळ पीसीआरचं उत्पादन द्या. त्यावर डॅम नाही, डीसीएम नाही. मात्र कॉलनी आली म्हणजे जीन गेला असं नाही, चार ते दहा प्रती आहेत. औषधी प्लेटवर पुन्हा पुन्हा रेघा ओढून जुनी प्रत पीसीआरमध्ये दिसेनाशी होईपर्यंत थांबा.

जड उपाय

दोन आहेत. पहिला, संयुग्मन: ई. कोलायमधून थेट डायनोकॉकसमध्ये. इथे एकच धागा आत येतो आणि त्याचा जोडीदार आत गेल्यावर तयार होतो, म्हणजे परके शिक्के निम्म्यावर. २०२२मध्ये कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने ही पद्धत बसवली आणि तिच्याच मदतीने डायनोकॉकसचे रिस्ट्रिक्शनचे जीन एकामागून एक काढून टाकले.

दुसरा, नळीत शिक्का मारणं. डायनोकॉकसचा पेशीरस किंवा शुद्ध मिथाइलट्रान्सफरेज (शिक्का मारणारं एन्झाइम), आणि एस-ॲडेनोसिल मेथिओनिन. ते जुनं झालं की मिथाइल देत नाही, म्हणून ताजंच हवं. पेशीरसात न्यूक्लिएजही असतात, त्यामुळे बरेचदा शिक्का बसण्याआधी प्लास्मिडच संपतं. मला हे दोनदा जमलं, कितीदा फसलं ते मोजलेलं नाही.

इथे थांबा

रिफॅम्पिसिनची चाचणी दोनदा नापास झाली तर प्रयोग थांबवा आणि स्ट्रेनची ओळख करून घ्या. पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या ठिकाणी ते होतं. दहा वर्षं हातोहात फिरलेली आर-१ सगळीकडे एकच राहिलेली नसते. संग्रहातून नवी मागवणं परवडतं.

रिफॅम्पिसिन पास, जेलवर डॅमचा शिक्का नाही, जागाही पुसल्या, आणि तरी तीन फेऱ्या शून्य: आता अंदाज बांधू नका. स्ट्रेनचं मिथायलोम, म्हणजे तिच्या सगळ्या शिक्क्यांचा नकाशा, काढून घ्या. एकेक रेणू वाचणाऱ्या पॅकबायोवर एन-६ आणि एन-४ शिक्के चांगले दिसतात. पाचव्या कार्बनवरचे तितकेसे नाहीत, त्यासाठी नॅनोपोर ही दुसरी वाचनपद्धत जोडीला घ्या. आकडे आल्यावर ते वाचायला बायोइन्फर्मॅटिक्सचा माणूस गाठा. मी स्वतः ते वाचत नाही, वाचून दाखवून घेते.

कात्र्यांचे जीन काढलेली स्ट्रेन बनवायची असेल तर आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज, मग पिपेट. रिस्ट्रिक्शनचा बचाव काढलेली ही स्ट्रेन परका डीएनए सहज घेते, आणि अशी नळी दुसऱ्या कुणाच्या फ्रीजमध्ये नुसतं आर-१ लिहून गेलेली मला चालणार नाही.

माझ्याकडे किंवा आणखी कुणाकडे मदत मागायला जाल तेव्हा तिन्ही डीएनएंच्या प्लेटांचे फोटो, डीपीएन-१चं जेल आणि प्लास्मिडच्या क्रमाची फाइल सोबत आणा. आणि ट्यूबच्या झाकणावर नुसतं प्लास्मिडचं नाव नको, ते कुठल्या स्ट्रेनमधून कधी काढलं तेही लिहा, न पुसणाऱ्या पेनने.